‘आपलं बिंग फुटेल’ या भीतीनं स्वतःचंच काम बिघडवणं कसं थांबवायचं: सहा आठवड्यांची कृतियोजना

अर्ज भरून तयार असतो, फक्त ‘सबमिट’ दाबायचं राहतं आणि शेवटची तारीख निघून जाते. बढतीची मुलाखत उद्या असते आणि आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत मालिका बघितली जाते. मीटिंगमध्ये उत्तर माहीत असतं, पण तोंड उघडत नाही; तेच उत्तर पाच मिनिटांनी शेजारचा देतो. बघणाऱ्याला हा आळस वाटतो. आत मात्र एक वाक्य घोळत असतं: ‘मी इथवर कसा पोचलो ते माझं मला माहीत. एक दिवस सगळ्यांना कळेल.’

हे वाक्य आणि ही वागणूक एकमेकांना पोसतात, म्हणून दोन्हींवर एकाच वेळी काम करावं लागतं. त्यासाठी सहा आठवडे, रोजची दहा मिनिटं, एक वही आणि पेन एवढं पुरतं. मोबाइलवर लिहू नका. नोंद करायला उघडलेला फोन अर्ध्या तासानं खाली ठेवला जातो आणि नोंद राहूनच जाते.

मूळ कुठे असतं

१९७८ साली अमेरिकेत पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी दीडशेहून अधिक यशस्वी स्त्रियांबरोबर केलेल्या कामावर एक निबंध लिहिला. पदव्या, पदं, कौतुक सगळं असूनही ‘आपण लोकांना फसवलंय’ ही भावना या स्त्रियांना सोडत नव्हती. दोघींनी त्याला ‘इम्पोस्टर फिनॉमेनन’ म्हटलं. ‘सिंड्रोम’ हा शब्द नंतर रुळला. मानसिक आजारांच्या अधिकृत वर्गीकरणात या नावाचा आजार नाही. २०२० साली ६२ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा हे प्रमाण ९ टक्क्यांपासून ८२ टक्क्यांपर्यंत निघालं. इतकी तफावत येण्याचं मोठं कारण म्हणजे प्रत्येक अभ्यासाची मोजपट्टी आणि तिच्यावरची रेघ वेगळी होती. म्हणून ‘इतके टक्के लोकांना हे असतं’ असं ठामपणे सांगणाऱ्या आकड्यावर फार विसंबू नका. पुरुषांनाही हे होतं, हे मात्र नंतरच्या अभ्यासांनी स्पष्ट केलं आहे.

त्याच १९७८ सालचा स्टीव्हन बर्गलास आणि एडवर्ड जोन्स यांचा प्रयोग आपल्या कामाचा आहे. काही विद्यार्थ्यांना न सुटणारी कोडी दिली गेली आणि तरीही ‘तुम्ही उत्तम केलंत’ असं सांगितलं गेलं. मग दुसऱ्या चाचणीआधी दोन औषधांतून एक निवडायला सांगितलं: एक म्हणे बुद्धी चालवणारं, दुसरं ती मंद करणारं. आपल्याला यश कशामुळे मिळालं हे ज्यांना कळलं नव्हतं, त्यांच्यातल्या पुरुषांचा कल विशेषकरून मंद करणाऱ्या औषधाकडे झुकला. कारण उघड आहे. पहिलं यश कसं आलं हे माहीत नसेल, तर ते पुन्हा येईल याची खात्री कुठून येणार? मग नापास होण्याआधीच निमित्त हाताशी ठेवलेलं बरं.

या लेखातली प्रत्येक पायरी याच निरीक्षणावर उभी आहे. भीतीचं मूळ कौतुकाच्या कमतरतेत असतं तर ‘अरे, तू हुशार आहेस’ या एका वाक्यानं ती गेली असती. उलट त्या वाक्यानं ती वाढते, कारण आता आणखी एका माणसाचा गैरसमज सांभाळावा लागतो. हवी असते ती माहिती: मी नेमकं काय केलं, म्हणून ते जमलं?

आपल्या घरांत ही माहिती नोंदलीच जात नाही. दहावीला चांगले गुण मिळाले की ‘देवाची कृपा’, ‘बाईंनी करून घेतलं’, ‘जास्त बोलू नकोस, नजर लागेल’. यातली नम्रता चांगलीच आहे. पण पोरानं वर्षभर रोज पहाटे उठून भूमितीचे रायडर कसे सोडवले, कुठे अडलं, काय बदललं, हे कुणी विचारत नाही आणि तोही विसरतो. घराण्यातला पहिला पदवीधर, पहिली नोकरदार मुलगी, मराठी शाळेतून थेट इंग्रजी मीटिंगांत गेलेला इंजिनिअर यांना हे जास्त जाचतं, कारण त्यांना पाहायला जवळ दुसरा नमुनाही नसतो.

सुरुवातीआधी: एक तास निवड करण्यासाठी

सरसकट सगळ्याला ‘इम्पोस्टर’ म्हणण्यात धोका आहे. एखादी गोष्ट खरंच येत नसेल तर ती शिकावी लागते, मनाची समजूत घालून भागत नाही. वहीच्या पहिल्या पानावर तुमच्या कामाचे आठ ते दहा तुकडे लिहा. ‘टीम सांभाळणं’ असं मोघम लिहू नका. ‘सोमवारी कामं वाटून देणं’, ‘ग्राहकाला उशीर कळवणं’, ‘एक्सेलमध्ये महिन्याचा ताळा लावणं’ असं लिहा. प्रत्येकासमोर गेल्या तीन महिन्यांतला बाहेरचा एक पुरावा लिहा: मेल, आकडा, परत आलेलं काम, तक्रार, पुन्हा दिलं गेलेलं काम. स्वतःला काय वाटतं हे पुराव्यात धरायचं नाही.

आता प्रत्येक ओळीला तीनपैकी एक खूण करा.

‘शि’ म्हणजे शिकायचं: पुरावाच सांगतो की हे जमत नाही.
‘भी’ म्हणजे भीती: पुरावा चांगला आहे, तरी धडधडतं.
‘जा’ म्हणजे जागेचा दोष: तुम्हाला माहितीच दिली जात नाही, बोलताना तोडलं जातं, उच्चारांवरून, आडनावावरून किंवा बाई असण्यावरून टोमणे मिळतात.

बहुतेकांच्या यादीत तिन्ही खुणा येतात आणि इथेच अर्धा गुंता सुटतो. इंग्रजी बोलताना अडखळणं ‘शि’मध्ये जातं. त्यावर उपाय म्हणजे मीटिंगआधी आपल्या मुद्द्याची पाच वाक्यं कागदावर लिहून दोनदा मोठ्यानं वाचणं, आणि हे तीन महिने चालवणं. पण अडखळणाऱ्या इंग्रजीवरून ‘मला कोडिंगच येत नाही’ हा निष्कर्ष काढला जातो तेव्हा ‘शि’ची ओळ ‘भी’वर सांडलेली असते. पुढच्या पायऱ्या ‘भी’ ओळींसाठी आहेत. ‘जा’ ओळींबद्दल शेवटी सांगितलं आहे.

आठवडा १ आणि २: फक्त पकडायचं, बदलायचं नाही

क्लान्स यांनी या भावनेचं एक चक्र मांडलं आहे. नवं काम येतं, धास्ती वाटते. मग दोन वाटा फुटतात: काही जण गरजेच्या तिप्पट तयारी करतात, काही जण ढकलत राहतात आणि शेवटी धावाधाव करून संपवतात. काम बहुधा होतं. सुटल्यासारखं वाटतं. पण तिप्पट तयारी करणारा म्हणतो, ‘मर मर मेलो म्हणून झालं, इतरांना सहज जमतं.’ ढकलणारा म्हणतो, ‘नशीब म्हणून निभावलं.’ दोघांच्याही खात्यात यश जमा होत नाही आणि पुढचं काम पुन्हा पहिल्याइतकंच भीतिदायक राहतं.

रोज रात्री, जेवणानंतर आणि झोपेच्या किमान अर्धा तास आधी, चार प्रश्नांची चार वाक्यांत उत्तरं लिहा: आज मी कुठे पाय मागे घेतला? त्याआधीच्या दहा मिनिटांत काय घडलं? मागे घेतल्यावर लगेच काय मिळालं? त्याची किंमत काय पडली?

नमुना असा: ‘प्रस्तावाचा मसुदा साहेबांना पाठवला नाही. त्याआधी ग्रुपवर सहकाऱ्याचा नीटनेटका मसुदा पाहिला. न पाठवल्यावर छातीवरचं दडपण उतरलं. आता उद्या त्यांच्याकडे वेळ नाही, म्हणजे सुधारणा न होताच मसुदा वर जाणार.’

तिसरा प्रश्न लोक गाळतात, आणि महत्त्वाचा तोच आहे. टाळल्यावर सुटका होते, ती लगेच होते, म्हणूनच सवय पक्की होते. ती सुटका कशी वाटते हे लिहिल्याशिवाय तिची ओढ ओळखू येत नाही.

बिघडवण्याची सगळीच रूपं ढकलाढकलीसारखी दिसत नाहीत. बोलायला उभं राहण्याआधीच ‘मला यातलं फारसं कळत नाही, पण...’ म्हणणं, महत्त्वाच्या आठवड्यात दुसऱ्याचं काम अंगावर घेणं, शंका न विचारता रात्रभर स्वतः शोधत बसणं, परीक्षेच्या तोंडावर घरात भांडण उकरून काढणं, आणि काम ९० टक्के झाल्यावर ‘सगळं नव्यानं करतो’ म्हणणं, हीसुद्धा तीच रूपं आहेत. शेवटचं फार फसवं असतं, कारण ते गुणवत्तेच्या आग्रहाचा आव आणतं.

या दोन आठवड्यांत दोन चुका हमखास होतात. पहिली, चार वाक्यांच्या जागी दोन पानं स्वतःला झोडपणं. त्यानं तिसऱ्या दिवशी वही बंद होते. दुसरी, ‘उद्या सकाळी लिहीन’. सकाळपर्यंत आधीची दहा मिनिटं आठवत नाहीत. एखादा दिवस राहिलाच तर मागचा भरू नका, आजचा लिहा.

आठवडा २ पासून पुढे: जमेचं खातं

वहीच्या मागच्या बाजूनं सुरुवात करा. प्रत्येक पानाचे तीन रकाने आखा: काय झालं, मी काय काय केलं, कोणाची मदत आणि कोणता योग. नियम एकच: मधल्या रकान्यात फक्त क्रियापदं. ‘हुशारीनं’, ‘छान’, ‘मेहनतीनं’ हे शब्द तिथे चालत नाहीत, कारण त्यांच्याशी मन वाद घालू शकतं. ‘चार शेतकऱ्यांना फोन केले, दोन दरपत्रकं मागवली, तिसऱ्याचा दर चुकीचा होता तो पकडला’ याच्याशी वाद घालता येत नाही; फोन केले होते की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

तिसरा रकाना मोकळ्या मनानं भरा. नशीब होतं, वरिष्ठांनी सांभाळून घेतलं, पेपर सोपा आला, सगळं लिहा. नशीब नाकारायला गेलं की हा अभ्यास खोटा वाटू लागतो. फक्त त्याखाली एक ओळ जोडा: ‘हा योग आणखी कोणाला मिळाला होता आणि तो आल्यावर मी काय केलं?’ सोपा पेपर सगळ्यांनाच सोपा होता. वरिष्ठांनी संधी दिली, पण रविवारी जाऊन साइट बघून आलात तुम्ही.

जुन्या दहा नोंदी खातं सुरू केल्याच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे दुसऱ्या आठवड्यात भरा, रोज दोन. आठवणीवर जाऊ नका. तुमची आठवण एकतर्फी आहे. जुने मेल, व्हॉट्सअ‍ॅपवरचे ‘थँक्यू’चे निरोप, गुणपत्रिका, मूल्यमापनाचे फॉर्म, परत आलेले ग्राहक यांतून काढा. घर सांभाळणाऱ्यांनी लग्नकार्याचं नियोजन, बचत गटाचे हिशेब, आजारपणातली धावपळ हेही घ्यावं. तिथेही मधला रकाना क्रियापदांचाच. त्यानंतर दर शनिवारी एक नवी नोंद. नवं मोठं काम हाती घेण्याआधी त्याच जातीच्या तीन जुन्या नोंदी वाचा. पूर्ण खातं वाचू नका, ते भारून टाकतं आणि उपयोग होत नाही.

आठवडा ३: ‘जर... तर’ची दोन वाक्यं

नुसता निश्चय का टिकत नाही, यावर जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी दीर्घकाळ काम केलं. ‘मी वेळेत करीन’ असं ठरवणाऱ्यांपेक्षा ‘अमुक घडलं की मी तमुक करीन’ असं आधी जोडून ठेवणारे जास्त वेळा काम पार पाडतात. २००६ साली त्यांनी पास्कल शीरान यांच्यासह ९४ चाचण्यांचा आढावा घेतला, त्यातही हा परिणाम मध्यम ते मोठा दिसला.

दोन आठवड्यांच्या नोंदींतून सर्वांत जास्त वेळा आलेले दोन प्रसंग निवडा. दोनच. पाच वाक्यं केली की एकही आठवत नाही. ‘जर’मध्ये डोळ्यांना दिसणारी किंवा कानांना ऐकू येणारी खूण हवी आणि ‘तर’मध्ये दोन मिनिटांत सुरू होणारी कृती.

‘जर मसुदा वाचून तिसऱ्यांदा वर स्क्रोल केला, तर मी “पाठवा” दाबीन आणि जागेवरून उठेन.’
‘जर मीटिंगमध्ये मला मुद्दा सुचला आणि पोटात गोळा आला, तर मी हात वर करून पहिलं वाक्य वाचून दाखवीन.’
‘जर एकाच शंकेवर २० मिनिटं गेली, तर काय करून पाहिलं त्याच्या दोन ओळी लिहून विचारीन.’

‘जर भीती वाटली’ ही खूण चालत नाही, कारण भीती कधी सुरू झाली हे त्या क्षणी कळत नाही. ‘तर मी टाळणार नाही’ हेही चालत नाही, कारण त्यात करायचं काहीच सांगितलेलं नाही. वाक्य सलग पाच दिवस निकामी ठरलं तर स्वतःला बोल लावू नका. कृती अजून लहान करा.

आठवडा ४ आणि ५: तयारीचं माप

इथून दोन वाटांचे उपाय वेगळे होतात.

तिप्पट तयारी करणाऱ्यांनी कमी जोखमीची तीन कामं निवडावीत. नेहमी लागणारा वेळ लिहा, समजा आठ तास. आता सहा तासांत थांबायचं. सुरू करण्याआधी लिहून ठेवा: ‘दोन तास कमी दिले तर नेमकं काय बिघडेल?’ उदाहरणार्थ, ‘तीन चुका निघतील आणि साहेब सगळ्यांसमोर बोलतील.’ काम गेल्यावर तीन दिवसांनी त्याखाली प्रत्यक्षात काय झालं ते लिहा. भाकीत आधी लिहिलेलं नसेल तर मन नंतर म्हणतं, ‘मला माहीतच होतं काही होणार नाही,’ आणि शिकणं वाया जातं. तीन वेळा करूनही खरंच चुका वाढल्या तर सात तास हे तुमचं माप समजा. औषधाच्या मात्रा, विजेची जोडणी, इमारतीचं गणित, दुसऱ्याचे पैसे असलेल्या हिशेबात हा प्रयोग करू नका. तिथली दुहेरी तपासणी गरजेचीच आहे.

ढकलणाऱ्यांनी मुदतीचे चार भाग करावेत. काम १० तारखेला मिळालं आणि १८ला द्यायचं असेल, तर १२ला रात्री अख्खा कच्चा खर्डा तयार हवा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, कितीही ओबडधोबड. वाक्यं अर्धी, आकड्यांच्या जागी फुल्या, चालेल. १४ला तो एका माणसाला दाखवायचा. हाच टप्पा सर्वांत जड जातो, कारण अर्धवट काम दाखवणं म्हणजे बिंग फोडून घेणं वाटतं. म्हणून ‘कसं झालंय?’ असं विचारू नका. ‘दुसऱ्या भागात माझा मुद्दा कळतो का?’ असा एकच प्रश्न विचारा. मोघम प्रश्नाला ‘छान आहे’ हे मोघम उत्तर येतं, आणि त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही.

दोन्ही वाटांवर ‘च’ या अक्षराकडे लक्ष ठेवा. ‘मला सगळं यायलाच हवं’, ‘पहिल्या फटक्यात जमलंच पाहिजे’. आल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा गाभा म्हणजे अशा हट्टाच्या मागण्या शोधून त्यांना आव्हान देणं. ही पद्धत महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवली. मराठीत तर ही मागणी एका अक्षरात पकडता येते. वहीत जिथे असा ‘च’ दिसेल तिथे तो खोडा आणि वाक्य पुन्हा लिहा: ‘मला हे यावं असं फार वाटतं, नाही आलं तर वाईट वाटेल आणि मी विचारीन.’ इच्छा तेवढीच राहते, गळ्याभोवतीचा फास सैल होतो.

कौतुक झालं तर काय बोलायचं

‘छे हो, कसलं काय!’ हे उत्तर सभ्य आहे, पण रोज म्हटलं की ते आपण स्वतःच ऐकतो. तीन तुकड्यांचं उत्तर पाठ करा: आभार, एक क्रियापद, एक मदतनीस. ‘धन्यवाद. आकडे मी दोनदा तपासले होते, आणि जुन्या फायली काकडे मॅडमनी शोधून दिल्या.’ यात फुशारकी नाही आणि खोटी नम्रताही नाही. पहिले काही दिवस जीभ अडेल. तेवढा वेळ नुसतं ‘धन्यवाद’ म्हणून थांबा. पुढे ‘पण’ जोडू नका.

भीती एका माणसाला बोलून दाखवा. ऑफिसातल्या प्रत्येकाला इतरांचा शांत चेहरा आणि स्वतःची धडधड तेवढी कळते, म्हणून तुलना मुळातच वाकडी असते. मात्र माणूस निवडून घ्या. तुमचं मूल्यमापन करणारा नको, लगेच ‘काही होत नाही रे’ म्हणणाराही नको. त्याच कामात तीन-चार वर्षं पुढे असलेली व्यक्ती उत्तम. तिला विचारा: ‘पहिल्या वर्षी तुम्हाला काय येत नव्हतं, आणि ते कसं शिकलात?’

आठवडा ६: घसरण आणि मोजणी

चौथ्या-पाचव्या आठवड्यात, काहीतरी चांगलं घडल्यावर, मोठी घसरण येऊ शकते. बढती मिळाल्यावर जुनं सगळं परत येणं स्वाभाविक आहे, कारण नव्या पदाच्या खात्यात अजून एकही नोंद नसते. कॅनडात ११९ विद्यार्थ्यांवर झालेला, २०१० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास इथे दिलासा देतो: पहिल्या परीक्षेआधी अभ्यास ढकलल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेआधी कमी ढकललं. चूक झाली तर तीन ओळी लिहा: काय केलं, कोणाचं काय नुकसान झालं, ४८ तासांत काय दुरुस्त करतो. ज्याला त्रास झाला त्याला एकदा कळवा. मग दुसऱ्या दिवशीचं ‘जर... तर’ सुरू.

सहाव्या शनिवारी ‘मला आता कसं वाटतं’ हे मोजू नका. भावना सर्वांत उशिरा हलते. पहिल्या आणि सहाव्या आठवड्याचे तीन आकडे शेजारी मांडा: मुदतीच्या किती आधी काम पाठवलं, किती शंका विचारल्या, अर्धवट काम किती वेळा दाखवलं. दोन आकडे हलले असतील तर तीच पद्धत पुढचे सहा आठवडे चालवा. काहीच हललं नसेल तर पहिल्या पानावरच्या खुणा पुन्हा तपासा. बऱ्याचदा ‘जा’ची ओळ ‘भी’ म्हणून धरलेली सापडते.

‘जा’च्या ओळींवर वहीचा हा अभ्यास चालवू नका. तिथे तारीख, वेळ, नेमके शब्द आणि कोण हजर होतं याची वेगळी नोंद ठेवा. तुमच्यासारखाच अनुभव असलेल्या एका सहकाऱ्याशी बोला, मग लेखी तक्रार किंवा बदली यांचा विचार करा. अपमान होत असलेल्या जागी आत्मविश्वास कमी पडतोय असं मानून स्वतःलाच दुरुस्त करत बसण्यात कित्येकांची उमेदीची वर्षं जातात, आणि ते पाहणं फार क्लेशदायक असतं.

आणि सलग दोन आठवडे झोप उडाली, जेवण जात नाही, कशातच गोडी वाटत नाही, किंवा जगू नये असं मनात येत असेल, तर वही बाजूला ठेवा. टेली मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य आणि मराठीतही बोलता येतं. जवळच्या मानसोपचारतज्ज्ञांना भेटताना पहिल्या दोन आठवड्यांच्या नोंदी सोबत न्या; कधी, कशानं आणि किती, हे त्यांना तिथे एका नजरेत मिळेल.